समुद्रात विसावलेले वैमानिक आणि त्यांचे स्मारक
('काश्मीर प्रिन्सेस' विमानासंबंधी अभ्यासपाठ. इयत्ता सहावी व सातवीकरिता, अर्धापूर परिसरातील शाळांसाठी)



आपल्या मराठवाड्यातील बहुतेक जुन्या गावांत वेशीजवळ, देवळाच्या आवारात किंवा एखाद्या पिंपळाच्या पारावर एक तरी वीरगळ आढळतो. त्यावरील सर्वांत खालच्या चौकटीत लढणारा वीर असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो आणि शेवटी माथ्यावर सूर्य व चंद्र कोरलेले असतात. सूर्यचंद्र असेपर्यंत या माणसाची आठवण राहील, असा त्या चिन्हांचा अर्थ आहे. परंतु त्या वीराचे नाव काय, तो कशासाठी लढला, हे गावात विचारले तर सांगणारा सहसा मिळत नाही. दगड राहिला, आणि ज्याच्यासाठी दगड उभा केला तो माणूस मात्र विस्मृतीत गेला, अशी ही स्थिती आहे.

स्मारक उभे करणे हे अर्धे काम असून ते वाचता येणे, दुसऱ्याला वाचून दाखविता येणे, हे उरलेले अर्धे काम होय. पहिले काम पाथरवटाचे आणि दुसरे शिक्षकाचे. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्यासाठी प्रस्तुत पाठ योजिला आहे. पाठासाठी निवडलेली घटना आपल्या गावापासून फार दूर घडली. तीत ज्यांनी प्राण गमावले त्यांपैकी विमानाचा प्रमुख मराठी नावाचा होता. जे वाचले त्यांपैकी एकाने ती हकीकत लिहून ठेवली. असे असूनही आपल्या वर्गांत ही घटना क्वचितच सांगितली जाते.

पाठाचा हेतू

१. कर्तव्यदक्षता म्हणजे काय, हे एका सत्य घटनेवरून विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून देणे.
२. स्मारक या कल्पनेचा अर्थ स्पष्ट करणे, आणि दगडाखेरीज आठवण कोणकोणत्या रूपांनी टिकते ते दाखविणे.
३. ऐकीव व पडताळलेली माहिती यांतील भेद ओळखण्याची सवय लावणे.

पूर्वतयारी

वर्गात आशिया खंडाचा नकाशा टांगावा. पृथ्वीगोल असल्यास उत्तम. फळ्यावर मुंबई, हाँगकाँग, जाकार्ता आणि बांडुंग ही चार नावे लिहून ठेवावीत. नातुना बेटे नकाशात अगोदर शोधून ठेवावीत. मलाया द्वीपकल्प आणि बोर्निओ यांच्यामधील समुद्रात असलेली ही इंडोनेशियाची लहान बेटे घाईत सापडत नाहीत. शक्य असल्यास आदल्या दिवशी मुलांना गावातील वीरगळ, हुतात्म्यांची नावे कोरलेला दगड किंवा एखादी जुनी समाधी पाहून येण्यास सांगावे. अर्धापूर हे शिलालेखांचे गाव आहे, तेव्हा कोरलेले अक्षर ही येथल्या मुलांना परकी वस्तू नव्हे.

प्रस्तावना

पाठाचा आरंभ आकाशाकडे बोट दाखवून करावा. नांदेडकडे येणारे अथवा उंचावरून पांढरी रेघ ओढीत जाणारे विमान आपल्या मुलांनी केळीच्या बागेत उभे राहून पाहिलेले असते. त्यांना पुढील प्रश्न विचारावेत. विमान कोण चालवितो? तो एकटाच असतो की त्याच्याबरोबर आणखी माणसे असतात? विमानात काही बिघाड झाला तर ही माणसे काय करीत असतील?

विमानाचा चालक एवढेच मुलांना बहुधा ठाऊक असते. दिशा व स्थान पाहणारा, इंजिनांवर लक्ष ठेवणारा, प्रवाशांची काळजी घेणारा, अशी निरनिराळी माणसे मिळून त्या काळी एक लांबचे उड्डाण पार पडत असे, हे येथे समजावून द्यावे. मग हेतुकथन करावे : "अशाच एका विमानातील आठ माणसांची हकीकत आज आपण पाहणार आहोत."

विषयनिरूपण

(अ) विमान व प्रवासाचे कारण

१९५५ साली इंडोनेशियातील बांडुंग या शहरी आशिया व आफ्रिका या दोन खंडांतील राष्ट्रांची परिषद भरावयाची होती. १८ ते २४ एप्रिल या दिवसांत ती भरली आणि तीत २९ देशांनी भाग घेतला. यांतील अनेक देश नुकतेच स्वतंत्र झाले होते. मोठ्या सत्तांच्या भांडणात न पडता आपले प्रश्न आपण एकत्र बसून सोडवावेत, अशी त्यांची इच्छा होती. भारतातर्फे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू त्या परिषदेस गेले होते. हा भाग सांगताना आपल्या मराठवाड्यातील मुलांना एक दुवा द्यावा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपून आपला भाग मोकळा झाला, त्याला तेव्हा सातच वर्षे होत आली होती. स्वातंत्र्याची नवलाई काय असते, हे त्या वेळच्या मराठवाड्याला बांडुंगइतकेच ठाऊक होते.

परिषदेसाठी निघालेल्या चिनी शिष्टमंडळातील काही मंडळींना हाँगकाँगहून जाकार्ताला नेण्याकरिता एअर इंडियाचे एक विमान भाड्याने घेण्यात आले. त्याचे नाव 'काश्मीर प्रिन्सेस'. ते लॉकहीड कंपनीचे कॉन्स्टेलेशन जातीचे, चार इंजिनांचे विमान होते. शेपटीला तीन उभे पंख असल्यामुळे ही जात पाहताक्षणी ओळखू येई. विमानात एकोणीस माणसे होती : आठ कर्मचारी आणि अकरा प्रवासी. प्रवाशांपैकी आठ चीनचे होते. त्यांत शिष्टमंडळाचे कर्मचारी आणि वार्ताहर होते. उरलेल्या तिघांपैकी एक व्हिएतनामचा, एक पोलंडचा आणि एक ऑस्ट्रियाचा.

चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय हेही याच विमानाने येतील, असे समजले जात होते. परंतु त्यांचा बेत बदलला व ते नंतर दुसऱ्या मार्गाने परिषदेस गेले.

(आ) ११ एप्रिल १९५५

हाँगकाँगवर तेव्हा ब्रिटिशांचा अंमल होता. तेथील विमानतळावर विमान थांबले असता त्याची तपासणी व इतर तयारी झाली. दुपारी साडेबाराच्या सुमारास त्याने जाकार्ताकडे उड्डाण केले. सुमारे पाच तास प्रवास सुरळीत झाला. विमान अठरा हजार फुटांवर, म्हणजे जवळजवळ साडेपाच हजार मीटर उंचीवर, समुद्रावरून जात असता एकाएकी स्फोटाचा आवाज झाला. उजव्या बाजूच्या चाकाच्या खोबणीत हा स्फोट झाला होता. उजव्या पंखाला आग लागली आणि विमानात धूर शिरू लागला.

येथे थोडे विज्ञान सांगणे अवश्य आहे. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या जवळपास निम्मा असतो. एवढ्या विरळ हवेत माणसाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. म्हणून अशा विमानाच्या बंद कक्षात हवा दाबून भरलेली असते. सायकलच्या नळीत हवा भरली की ती आतून बाहेर रेटते, हे मुलांनी पाहिले आहे. त्याच नळीला भोक पडले तर काय होते, तेही त्यांना माहीत आहे. जळणाऱ्या विमानातला आतला दाब सुटत गेला आणि विजेच्या तारांचे काम बंद पडत गेले, तेव्हा त्यावर ताबा ठेवणे किती कठीण झाले असेल, याची कल्पना या उदाहरणावरून येते.

कॅप्टनने उजव्या पंखावरील आतल्या बाजूचे, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचे इंजिन बंद केले आणि तीन इंजिनांवर विमान समुद्राकडे उतरविण्यास आरंभ केला. बिनतारी यंत्रावरून संकटाचा संदेश तीन वेळा धाडण्यात आला. आपण नातुना बेटांच्या परिसरात आहोत, हे त्यात कळविले होते. मग यंत्र बंद पडले. प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे देण्यात आली. पाण्यावर आदळताच बाहेर पडता यावे म्हणून संकटकाळी उघडावयाची दारे उघडण्यात आली. विमानाचा उजवा पंख प्रथम पाण्याला लागला आणि विमानाचे तुकडे झाले.

एकोणीसपैकी सोळा जण मृत्यू पावले. तीन जण वाचले. ते तिघेही कर्मचारी होते. पुढे ब्रिटिश नौदलाच्या डॅम्पियर नावाच्या जहाजाने त्यांना सुखरूप नेले.

(इ) कोणी काय केले

पाठाचा हा गाभा आहे. पुढील नावे फळ्यावर एकाखाली एक, सावकाश लिहावीत आणि प्रत्येक नावासमोर त्या माणसाचे काम लिहावे.

दामोदर काशीनाथ जटार – कॅप्टन, विमानाचे प्रमुख
एम. सी. दीक्षित – सहवैमानिक
जे. सी. पाठक – दिशादर्शक
के. एफ. डिकुन्हा – उड्डाण-अभियंता
अनंत श्रीधर कर्णिक – देखभाल-अभियंता
ग्लोरिया ईव्हा बेरी – विमानसेविका
सी. डिसूझा – परिचर
जे. जे. पिमेंटा – साहाय्यक परिचर

यांपैकी दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे वाचले. उरलेल्या पाच नावांखाली रेघ ओढावी. रेघ ओढताना शिक्षकाने काही बोलू नये. मुलांना ती पाहू द्यावी.

नंतर विचारावे : या माणसांच्या कामांत कोणते काम लहान व कोणते मोठे? मुले बहुधा कॅप्टनचे नाव घेतील. तेव्हा दाखवून द्यावे की स्थान ठाऊक नसते तर संकटाच्या संदेशाला अर्थ राहिला नसता. जाकिटे वाटली नसती तर उतरण्याच्या प्रयत्नाला अर्थ राहिला नसता. आणि कॅप्टनने सुकाणू सोडले असते तर पुढचे काहीच करण्यास वेळ मिळाला नसता. त्या काही मिनिटांत प्रत्येकाने स्वतःचे नेमलेले काम केले. विमान जळत असताना त्यांनी केलेली बहुतेक कामे ही त्यांच्या शिक्षणात शिकविलेली, रोजच्या सरावातली कामे होती. संकटात माणूस एकाएकी थोर होत नाही. रोज जे नीट करीत आला तेच तो त्या वेळी नीट करतो. सातवीच्या मुलाला हे वाक्य समजते, कारण पाठांतर आणि परीक्षा यांचा संबंध त्याला ठाऊक असतो.

नावांकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. जटार, दीक्षित, पाठक, कर्णिक. डिकुन्हा, डिसूझा, पिमेंटा, बेरी. आठ नावांत निरनिराळे धर्म व निरनिराळी घराणी सहज दिसतात. समोर बसलेल्या प्रवाशांत चार देशांचे लोक होते. धुराने भरलेल्या त्या कक्षात जाकीट कोणाला आधी द्यावयाचे हे जातीवरून किंवा देशावरून ठरले नाही. राष्ट्रीय एकात्मतेवर स्वतंत्र व्याख्यान देण्याची येथे गरज नाही. नावे मोठ्याने वाचली म्हणजे पुरे.

भारत सरकारने पुढे अशोकचक्र मालिकेतील शौर्यसन्मान देऊन या कर्मचाऱ्यांचा गौरव केला. कॅप्टन जटार आणि ग्लोरिया बेरी यांना तो मरणोत्तर मिळाला. वाचलेल्या तिघांचाही सन्मान झाला. हे सन्मान रणांगणाबाहेर, शत्रू समोर नसताना दाखविलेल्या शौर्याबद्दल देण्यात येतात. ते १९५२ साली सुरू झाले. त्यांच्या तीन वर्गांना १९६७ पासून अशोकचक्र, कीर्तिचक्र व शौर्यचक्र अशी नावे आहेत. तलवार न उचलताही शूर होता येते, हे आपल्या राष्ट्राने नियमात लिहून ठेवले आहे, असे विद्यार्थ्यांना सांगावे.

(ई) शोध

हा अपघात नव्हता. समुद्रतळाशी गेलेले विमानाचे अवशेष वर काढून तपासण्यात आले, आणि २६ मे १९५५ रोजी इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाने जाहीर केले की विमानात ठराविक वेळी उडणारे स्फोटक ठेवलेले होते. ते हाँगकाँग येथे विमान थांबले असता ठेवले गेले, असे तपासात आढळले. तेथील विमानदुरुस्तीच्या कंपनीतील एका सफाई कामगारावर संशय आला. परंतु त्याला अटक होण्यापूर्वीच तो तैवानला पळून गेला होता. त्याला परत पाठविण्यास तेथील सरकार तयार झाले नाही. भारताच्या वतीने या तपासात रामनाथ काव या अधिकाऱ्याने काम केले. भारताच्या परदेशविषयक गुप्तवार्ता संघटनेचे ते पुढे १९६८ साली पहिले प्रमुख झाले.

विमान उडण्यापूर्वी, १० एप्रिल रोजी, चीन सरकारने घातपाताची शक्यता ब्रिटिश प्रतिनिधींच्या कानांवर घातली होती. चौ एन-लाय यांना कटाची किती माहिती आधी होती, याविषयी इतिहासाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. चीनच्या परराष्ट्र खात्याने या घटनेसंबंधीचे काही कागद २००४ साली खुले केले. हा भाग लहान मुलांना विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही, पण शिक्षकाला तो ठाऊक असावा. एखाद्या मोठ्या मुलाने नेमका येथेच प्रश्न विचारला, तर उत्तर देता आले पाहिजे.

स्मारक कोठे आहे

आता नकाशावरून मुलांना पुन्हा समुद्राकडे आणावे आणि प्रश्न करावा : "या माणसांची समाधी कोठे असेल?"

चीनची राजधानी पेइचिंग येथे बाबाओशान नावाची स्मशानभूमी आहे. तेथे या विमानातून परिषदेला जाताना मृत्यू पावलेल्या प्रवाशांचे दगडी स्मारक उभे आहे. त्यावर चौ एन-लाय यांच्या हस्ताक्षरातील लेख कोरलेला आहे. ज्या परिषदेला ते अकरा जण निघाले होते, तिची आठवण त्या दगडाने ठेवली आहे.

भारतीय वैमानिकांच्या आठवणीची दुसरी जागा म्हणजे शौर्यसन्मानाच्या यादीतील त्यांची नावे. तिसरी जागा एक पुस्तक आहे. वाचलेल्यांपैकी अनंत कर्णिक यांनी 'काश्मीर प्रिन्सेस' या नावाने ही सारी हकीकत लिहिली. आपले सोबती ज्या क्षणी गेले तो क्षण पुन्हा मनात आणून तो लिहिणे सोपे नसते. समुद्रावर दगड रोवता येत नाही. तेथे जो वाचला त्याने दगडाचे काम केले.

चौथी जागा आपला वर्ग आहे. ज्या दिवशी अर्धापुरातील एखादा मुलगा घरी जाऊन आपल्या आजीला जटारांची गोष्ट सांगेल, त्या दिवशी या जिल्ह्यात त्या वैमानिकांचे एक स्मारक उभे राहिले असे समजावे.

मुलांचे कठीण प्रश्न

हा पाठ घेताना विद्यार्थी काही प्रश्न हमखास विचारतील. त्यांची उत्तरे टाळू नयेत.

पहिला प्रश्न : "ज्याने स्फोटक ठेवले त्याला शिक्षा झाली का?" उत्तर सरळ द्यावे. नाही, संशयित पळाला आणि त्याच्यावर खटला चालला नाही. गोष्टीच्या शेवटी दुष्टाला शासन झालेच पाहिजे अशी मुलांची अपेक्षा असते. ती पुरी करण्यासाठी काही बनवून सांगण्याचा मोह शिक्षकाला होतो. तो आवरावा. न्याय झाला नाही म्हणूनच सत्य शोधून काढणाऱ्यांचे काम मोलाचे ठरले, हे सांगता येते.

दुसरा प्रश्न : "बाई, चीनशी तर आपले युद्ध झाले. मग त्यांच्या माणसांसाठी आपली माणसे का मेली?" हा प्रश्न गंभीर आहे. १९६२ साली युद्ध झाले हे खरेच, आणि सीमेवरील तंटा त्यानंतरही राहिला हेही खरे. परंतु विमानात बसलेला माणूस वैमानिकाच्या हवाली केलेला असतो. नदी उतरताना नावाडी उतारूचे गाव विचारीत नाही. राष्ट्रांचे संबंध बदलतात. त्या दिवशी पार पाडलेले कर्तव्य मात्र बदलत नाही, त्याची नोंद तशीच राहते.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : "एवढे करूनही सोळा जण गेलेच ना? मग उपयोग काय झाला?"

येथे घाई करू नये. प्रथम वर्गालाच विचार करू द्यावा. नंतर फळ्यावरील नोंदींवरूनच उत्तर काढावे. तीन माणसे वाचली, त्यामुळे जे घडले ते सांगणारे साक्षीदार उरले. संदेशातून ठिकाण कळविलेले होते, म्हणून शोध कोठे घ्यावयाचा हे समजले. अवशेष सापडले, म्हणून अपघात नव्हे तर घातपात झाला हे सिद्ध झाले. नाहीतर एक भारतीय विमान समुद्रात पडले, चालकांची चूक असावी, एवढीच नोंद कदाचित राहिली असती. शेवटपर्यंत केलेल्या कामामुळे त्यांच्या कामावरचा संशयही धुऊन निघाला.

आणि तरीही मुलाचे समाधान झाले नाही, तर त्याला त्याच्याच घरचे उदाहरण द्यावे. मृगात पेरलेले पावसाने ओढ दिल्यावर वाया जाते, तेव्हा त्याचे वडील दुबार पेरणी करतात. पीक हाती लागेल याची हमी नसते. तरी पेरावयाचे ते नीटच पेरतात. फळ हाती नसताना काम नीट करणे म्हणजे काय, हे आपल्या भागातील शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

एक सावधगिरी

शूरांची गोष्ट सांगताना ती रंगविण्याचा मोह प्रत्येकाला होतो. कॅप्टनच्या तोंडी एखादे तेजस्वी वाक्य घालावे, विमानसेविकेने अमुक शब्द उच्चारले असे सांगावे, म्हणजे वर्ग भारावून जाईल असे वाटते. परंतु आपण रचलेले वाक्य मृताच्या तोंडी घालणे म्हणजे वीरगळावर शेंदूर फासण्यासारखे आहे. दगड लाल दिसतो, पण त्यावरील कोरीव आकृती बुजून जाते. जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे. जळत्या विमानात एक स्त्री जाकिटे वाटत होती, एवढे एकच वाक्य पुरेसे आहे.

उपयोजन

१. नकाशाकाम : हाँगकाँगपासून जाकार्तापर्यंत दोरा लावून मार्ग दाखवावा व नातुना बेटांजवळ खूण करावी. नकाशाच्या प्रमाणावरून अंतर काढावे.

२. गणित : एकूण माणसे, मृत व वाचलेले यांची मांडणी करावी. दर दहा मीटर चढावर हवेचा दाब किती कमी होतो असे मोजमाप लहान मुलांना नको. तथापि अठरा हजार फूट म्हणजे किती मीटर, हे मोठ्यांनी अवश्य काढावे. एक फूट म्हणजे सुमारे ३०.५ सेंटिमीटर.

३. स्मारकवही : प्रत्येक शाळेने एक वही करावी. गावातील प्रत्येक वीरगळ, समाधी, हुतात्म्यांचा दगड यांसाठी तीत एक पान असावे. पानावर तीन रकाने असावेत : येथे कोणाची आठवण आहे, त्याने काय केले, हे आपल्याला कोणी सांगितले. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेली माहिती 'ऐकीव' म्हणून व दगडावर वाचलेली माहिती 'लिखित' म्हणून नोंदवावी. दोन म्हाताऱ्यांनी दोन निराळ्या गोष्टी सांगितल्या, तर दोन्ही लिहाव्यात. दगडावर तेल, चुना किंवा खडू लावून अक्षरे उठविण्याचा प्रयत्न करू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे आपोआप उठून दिसतात.

४. ११ एप्रिल : हा दिवस महात्मा जोतीराव फुले यांच्या जयंतीचा. त्या निमित्ताने आपल्या शाळांतून कार्यक्रम होतोच. पुण्यात प्लेगची साथ असता रुग्णांची सेवा करीत सावित्रीबाई फुले यांनी १८९७ साली देह ठेवला, हेही आपण त्या प्रसंगी सांगतो. कार्यक्रमाच्या शेवटी दोन मिनिटे राखून ठेवावीत आणि 'काश्मीर प्रिन्सेस'मधील आठ नावे एका विद्यार्थ्याकडून वाचून घ्यावीत. कर्तव्य करता करता गेलेल्यांची आठवण एकाच दिवशी होणे यात काही विसंगत नाही.

पुनरावृत्तीचे प्रश्न

१. बांडुंगची परिषद कोणत्या वर्षी भरली? तीत किती देशांनी भाग घेतला?
२. विमानात एकूण किती माणसे होती? त्यांपैकी किती वाचली?
३. स्फोटानंतर कर्मचाऱ्यांनी केलेल्या कोणत्याही तीन गोष्टी क्रमाने सांगा.
४. स्फोट घातपाताचा होता हे कसे सिद्ध झाले?
५. वीरगळाच्या तीन चौकटींत काय दाखविलेले असते? या वैमानिकांसाठी वीरगळ कोरावयाचा झाल्यास खालच्या चौकटीत तुम्ही काय कोराल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मुलांना चित्राने देऊ द्यावे. खालच्या चौकटीत कोणी जळता पंख काढील, कोणी सुकाणूवरील हात काढील, कोणी जाकीट पुढे करणारा हात काढील. चित्र कसेही आले तरी त्याखाली नाव लिहिण्यास सांगावे.

समारोप

आपण रोज सकाळी हजेरी घेतो. नाव पुकारले की "हजर" असे उत्तर येते, आणि एखादे दिवशी उत्तर आले नाही तर आपली दृष्टी त्या रिकाम्या जागेकडे जाते. हा पाठ संपविताना फळ्यावरील आठ नावे शिक्षकाने त्याच स्वरात, हजेरी घेतल्याप्रमाणे वाचावीत. कोणी उत्तर देणार नाही. वर्ग क्षणभर गप्प राहील. त्या क्षणी घंटा झाली तरी पुढचा विषय लगेच सुरू करू नये.

फळा मात्र त्या दिवशी पुसू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी जो विद्यार्थी सर्वांत आधी येईल, त्याला ती नावे पुन्हा एकदा वाचावयास मिळावीत.